ईस्टर आणि पुनरुत्थान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ईस्टर जवळ आला की तेच प्रश्न पुन्हा कानावर येतात. लहान मुलं सरळ विचारतात. लग्नाने किंवा मैत्रीने ख्रिस्ती घराशी जोडली गेलेली माणसं जरा संकोचून विचारतात. जन्मभर उपासनेला जाणारे मात्र हळूच बाजूला घेऊन विचारतात, कारण एवढ्या वर्षांनंतर हे विचारावं की नाही असं त्यांना वाटत असतं. धर्मशिक्षणाचे वर्ग घेताना मला जे प्रश्न सतत भेटले ते इथे मांडले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे घाई करणं मला बरोबर वाटलं नाही.

ईस्टर म्हणजे नेमकं काय?

वधस्तंभावर मरण पावलेला आणि कबरेत ठेवलेला येशू तिसऱ्या दिवशी देवाच्या सामर्थ्याने उठला, हा ख्रिस्ती विश्वासाचा गाभा आहे. त्या उठण्याचा सण म्हणजे ईस्टर, पुनरुत्थानाचा सण. त्याआधीचा आठवडा पवित्र सप्ताह म्हणून पाळला जातो. त्याची सुरुवात झावळ्यांच्या रविवारी होते. गुरुवारी शेवटच्या भोजनाची आठवण केली जाते, उत्तम शुक्रवारी वधस्तंभावरच्या मरणाची. शनिवारी दिवसभर काहीच घडत नाही, आणि त्या काहीच न घडण्यालाही अर्थ आहे. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

नाताळ मोठा की ईस्टर?

ईस्टर. येशूच्या जन्माची गोष्ट चार शुभवर्तमानांपैकी, म्हणजे मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावांनी असलेल्या येशूच्या चरित्रांपैकी, मत्तय आणि लूक या दोनच ठिकाणी येते. रिकाम्या कबरेची हकिकत चौघांनीही सांगितली आहे. पहिल्या पिढीतला प्रेषित पौल याची पत्रं शुभवर्तमानांपेक्षाही जुनी. त्यांत येशूच्या जन्माविषयी जेमतेम एखाद-दुसरा उल्लेख सापडतो, पुनरुत्थान मात्र जागोजागी आहे. ईस्टर कोणत्या दिवशी पाळावा यावर दुसऱ्या शतकातच वाद सुरू होता, म्हणजे सण तेव्हाच रुळलेला होता. २५ डिसेंबरचा नाताळ चौथ्या शतकातला.

पौलाने ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समाजाला, आडपडदा न ठेवता लिहिलं : ख्रिस्त उठला नसेल तर आमची घोषणा पोकळ, तुमचा विश्वास व्यर्थ आणि तुम्ही अजून आपल्या पापांतच आहात. सगळं पणाला लावून असं बोलणारा माणूस मला नेहमीच विश्वासू वाटत आला आहे. ‘उठला नसला तरी त्याची शिकवण चांगली आहे’ अशी पळवाट त्याने स्वतःसाठी ठेवली नाही.

पुनरुत्थान म्हणजे मेलेला माणूस पुन्हा जिवंत झाला, एवढंच ना?

नाही, आणि इथेच बहुतेकांची गफलत होते. पवित्र शास्त्रात मेलेली माणसं जिवंत झाल्याच्या इतर हकिकती आहेत : याईराची मुलगी, नाईन गावच्या विधवेचा मुलगा, बेथानीचा लाजर. ते सगळे आपल्या जुन्या आयुष्यात परत आले, आणि पुढे कधीतरी पुन्हा मेले. येशू मागे आला नाही. तो मरणातून पलीकडे गेला. मरण आता त्याला पुन्हा गाठू शकत नाही, असं पौल म्हणतो.

योहानाने हा फरक कपड्यांतून दाखवला आहे. लाजर कबरेतून बाहेर आला तेव्हा त्याचे हातपाय प्रेतवस्त्रांनी बांधलेले होते आणि तोंडाला रुमाल गुंडाळलेला होता. त्याला मोकळं करायला दुसऱ्यांना सांगावं लागलं. ती वस्त्रं लाजराला पुढे पुन्हा लागणारच होती. येशूच्या कबरेत त्याचा शिष्य पेत्र आत शिरला तेव्हा तागाची वस्त्रं तिथेच पडलेली होती, आणि डोक्याचा रुमाल त्यांच्यात नव्हता. तो निराळा, गुंडाळून एकीकडे ठेवलेला होता. प्रेत चोरणारा घाईत असतो, रुमाल गुंडाळत बसत नाही. पण मला त्या ओळीत पुराव्यापेक्षा जास्त काही दिसतं. हे काम झालं, आता याची गरज नाही, अशी निवांत आवराआवर तिथे आहे.

आणि हा उठलेला येशू भूत नव्हता. लूक सांगतो की त्याने शिष्यांसमोर भाजलेल्या माशाचा तुकडा खाल्ला. त्याच वेळी बंद दारांतून तो त्यांच्यात येऊन उभा राहतो आणि जवळच्यांनाही चटकन ओळखू येत नाही. त्याच्या मागे चालणाऱ्या स्त्रियांपैकी मग्दालीया मरीयेला तो माळी वाटला. देह तोच, पण आपल्या ओळखीच्या देहासारखा नाही. पौलाने यासाठी बियाणाचा दाखला दिला. पेरतो ते बी, उगवतं ते रोप. रोपाकडे बघून बी कसं होतं ते सांगता येत नाही, तरी रोप त्याच बियाचं असतं.

मग पुनर्जन्म आणि पुनरुत्थान यांत फरक काय?

मराठी वाचकाच्या मनात हा प्रश्न येणारच. पुनर्जन्माच्या कल्पनेत जीव एक देह सोडून दुसरा धारण करतो आणि या फेऱ्यातून सुटका हे अंतिम ध्येय असतं. पुनरुत्थानाच्या विश्वासात माणूस एकदाच जन्मतो, एकदाच मरतो, आणि देव त्यालाच, त्याच्या नावासकट, आठवणींसकट आणि देहासकट उठवतो. देह हे अंगावरून उतरवून टाकायचं वस्त्र नव्हे. तोही वाचवला जाणार आहे. डावं-उजवं करायला हे लिहीत नाही, पण दोन्ही गोष्टी एकच आहेत असं म्हणून प्रश्न मिटवला तर दोन्ही बाजूंवर अन्याय होतो.

खरं म्हणजे पुष्कळ ख्रिस्ती माणसांचीही समजूत ‘देह मातीला, आत्मा स्वर्गाला’ इथेच थांबते. प्रेषितांच्या विश्वासांगीकारात, म्हणजे उपासनेत सगळे मिळून म्हणतात त्या विश्वासाच्या कबुलीत, आपण दर आठवड्याला देहाच्या पुनरुत्थानावर विश्वास असल्याचं मोठ्याने म्हणतो आणि मग घरी जाऊन ते विसरतो. येशूच्या काळच्या यहूद्यांतही यावर मतभेद होते. सदूकी लोक पुनरुत्थान मानत नसत, परूशी मानत. पण मानणाऱ्यांच्या मते ते युगाच्या अंती, सगळ्यांचं एकत्र व्हायचं होतं. इतिहास चालू असताना मध्येच एकटा माणूस उठेल अशी अपेक्षा कुणाचीच नव्हती. म्हणूनच पौल येशूला प्रथमफळ म्हणतो. हंगामातलं पहिलं फळ हातात आलं की मागून येणाऱ्या पिकाची खात्री पटते.

शुक्रवारी मरण आणि रविवारी उठणं, मग तीन दिवस कसे?

यहूदी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो आणि दिवसाचा थोडा भागही पूर्ण दिवस धरला जाई. शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी दफन झालं तो पहिला दिवस, शब्बाथाचा, म्हणजे यहूद्यांच्या विश्रांतीचा, शनिवार दुसरा, शनिवारच्या सूर्यास्तापासून तिसरा. एस्तेरच्या पुस्तकात हीच मोजणी दिसते. एस्तेर राणी तीन दिवस, रात्र आणि दिवस, उपास करायला सांगते आणि तिसऱ्याच दिवशी राजापुढे जाते.

हे खरोखर घडलं, याला पुरावा काय?

आधी इतिहासाला जे ठाऊक आहे ते बघू. रोमी सुभेदार पिलात याच्या कारकिर्दीत ख्रिस्ताला देहान्त शिक्षा झाली, असं टॅसिटस या रोमी इतिहासकाराने दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला लिहून ठेवलं. तो ख्रिस्ती लोकांचा मित्र मुळीच नव्हता. पिलाताचं नाव कोरलेला दगड १९६१ साली कैसरियाच्या उत्खननात सापडला. वधस्तंभावर दिलेल्यांना रीतसर कबर मिळणं शक्यच नव्हतं, असा एक आक्षेप असे. १९६८ साली यरुशलेमजवळ एका कबरेत पहिल्या शतकातल्या माणसाचं टाचेचं हाड मिळालं, त्यात खिळा तसाच रुतलेला होता. म्हणजे वधस्तंभावर मेलेल्या निदान एकाला तरी घरच्यांनी नीट पुरलं होतं.

मग साक्ष. पौलाने साधारण इ. स. ५५ च्या सुमारास करिंथकरांना लिहिलं की, मला जे मिळालं तेच मी तुमच्या हवाली केलं : ख्रिस्त मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, आणि दिसला. कुणाला दिसला त्याची यादीही तो देतो. पेत्र, बारा जण, एकाच वेळी पाचशेहून अधिक बंधू (त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत, असंही तो सांगतो), याकोब, सर्व प्रेषित, आणि शेवटी मी. हे शब्द पत्राच्याही आधीचे आहेत. येशूच्या मरणानंतर थोड्याच वर्षांत मंडळीत ते पाठ झाले असावेत, असं बहुतेक अभ्यासक मानतात. या यादीतल्या दोन नावांशी मी नेहमी थांबतो. याकोब हा येशूचा भाऊ. शुभवर्तमान सांगतं की येशूच्या हयातीत त्याच्या भावांचा त्याच्यावर विश्वास नव्हता. तोच पुढे यरुशलेमच्या मंडळीचा प्रमुख झाला, आणि त्याला दगडमार करून मारल्याची नोंद जोसेफस या यहूदी इतिहासकाराने केली आहे. दुसरं नाव पौलाचं, जो ख्रिस्ती लोकांना पकडून नेण्यासाठी दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर होता.

उठण्याचा क्षण कुणीही पाहिला नाही आणि एकाही शुभवर्तमानाने तो रंगवलेला नाही. गोष्ट रचणाऱ्याने तोच प्रसंग आधी रचला असता. आपल्याला मिळतं ते आधी आणि नंतर : बंद कबर, आणि मग उघडी.

या माणसांना काहीतरी भेटलं आणि ती पार बदलून गेली, इथवर इतिहास सांगू शकतो. काय भेटलं याचं उत्तर त्यांच्या साक्षीवर विश्वास ठेवूनच द्यावं लागतं. मी तो ठेवला आहे, डोळे उघडे ठेवून.

चार शुभवर्तमानांतले तपशील जुळत नाहीत. हे कसं?

खरंच जुळत नाहीत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. मत्तयात दोन मरीया आणि एक देवदूत, मार्कात तीन स्त्रिया आणि पांढरा झगा घातलेला तरुण, लूकात दोन पुरुष, योहानात मग्दालीया मरीया एकटी. तीही धावत येऊन सांगते, ‘त्याला कुठे ठेवलं ते आम्हाला ठाऊक नाही.’ त्या ‘आम्हाला’वरून कळतं की ती एकटी नव्हती, योहानाने बाकीच्यांचा उल्लेख केला नाही एवढंच. हादरून गेलेल्या माणसांच्या आठवणी अशाच असतात. गाभ्याच्या गोष्टी मात्र चौघांत एकच आहेत : आठवड्याचा पहिला दिवस, भल्या पहाटेची वेळ, सरलेली धोंड, रिकामी कबर, आणि मग्दालीया मरीया.

मार्काचा शेवट तर चक्रावून टाकतो. सगळ्यांत जुन्या, चौथ्या शतकातल्या हस्तलिखितांत तो सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनावर थांबतो. स्त्रिया कबरेपासून पळून गेल्या आणि त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही, कारण त्या भ्याल्या होत्या. पुढची बारा वचनं नंतर जोडली गेली असावीत. पहिला ईस्टर गाण्याबजावण्यात उगवला नाही, तो भीतीत उगवला, हे या शेवटामुळे विसरायला होत नाही.

पहिली साक्ष स्त्रियांची होती, याचं एवढं महत्त्व का?

कारण त्या काळात स्त्रीच्या साक्षीला न्यायसभेत फारसं मोल नव्हतं. एखाद्याने लोकांना पटवायला कहाणी रचली असती तर पहिला साक्षीदार पेत्र किंवा प्रतिष्ठित यहूदी पुढारी निकदेम ठेवला असता. शिष्यांनाही त्या बायकांचं बोलणं वायफळ वाटलं, असं लूक लिहून ठेवतो. पण घडलं तसं सांगायचं, तर मग्दालीया मरीयेला टाळता येईना.

योहानाने तो प्रसंग फार जवळून दाखवला आहे. ती कबरेबाहेर रडत उभी. समोरच्या माणसाला माळी समजून म्हणते, महाराज, तुम्ही त्याला इथून नेलं असेल तर कुठे ठेवलं ते सांगा, मी घेऊन जाईन. एकटी बाई प्रेत कसं उचलून नेणार, हा विचारही तिच्या मनात नाही. तो एकच शब्द बोलतो, ‘मरीये’. ती वळून म्हणते, ‘रब्बूनी’, म्हणजे गुरुजी. डोळ्यांनी ओळख पटली नव्हती, नावाने हाक मारल्यावर पटली. मंडळीच्या परंपरेत तिला ‘प्रेषितांची प्रेषित’ म्हणतात, आणि २०१६ साली कॅथलिक चर्चने तिच्या २२ जुलैच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला.

वधस्तंभावरच सगळं पूर्ण झालं, तर उठण्याची गरज काय होती?

नियमशास्त्रात लिहिलं होतं की झाडाला टांगलेला मनुष्य देवाने शापलेला. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी हिशोब सरळ होता : धर्माच्या न्यायसभेने दोषी ठरवलं, रोमी सुभेदाराने शिक्षा दिली, लोकांनी थट्टा केली, आणि देव गप्प राहिला. हा माणूस खोटा होता, याहून वेगळं काय समजायचं? पुनरुत्थान हा त्या निकालावर वरच्या न्यायालयाने दिलेला निकाल आहे. तुम्ही ज्याला टाकून दिलं तोच माझा, असं देवाने सांगितलं. म्हणून पौल लिहितो की तो आपल्या अपराधांमुळे मरणाला दिला गेला आणि आपण नीतिमान ठरावं म्हणून उठवला गेला. प्रेम वधस्तंभावर पुरेपूर दिसलंच. ते प्रेम हरलं की जिंकलं, हे रविवारी कळलं.

उठलेल्या देहावर जखमा का राहिल्या?

माझ्या मते ईस्टरचा सगळ्यांत मोलाचा प्रश्न हाच. देवाला मरण उलटवता आलं, मग हातातले व्रण पुसणं काय कठीण होतं? पण ते ठेवले गेले. येशू शिष्यांत येऊन उभा राहतो आणि सगळ्यांत आधी हात आणि कूस दाखवतो. त्यावरूनच ते त्याला ओळखतात.

याचा अर्थ असा की देव घडलेलं घडलंच नाही असं करत नाही. शुक्रवार खोडून रविवार लिहिला गेला नाही. शुक्रवार रविवारच्या अंगावर आहे, पण आता तो दुखत नाही. आपल्या आयुष्यात जे मोडलं, ज्याच्या खुणा राहिल्या, ते टाकाऊ म्हणून वगळून देव आपल्याला उठवणार नाही. त्या खुणांसकट उठवणार आहे. एखाद्याला दुःख सोसताना ‘विसरून जा, देवाने सगळं चांगलं केलं’ म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग पुन्हा वाचावा.

मला शंका येतात. मग मी ईस्टर मनापासून साजरा करू शकतो का?

येशू पहिल्यांदा शिष्यांना दिसला तेव्हा तिथे नसलेल्या थोमाचं नाव संशयी म्हणूनच पडलं आहे, पण त्याने मागितलं काय? बाकीच्या दहांना जे पाहायला मिळालं तेच. आठ दिवसांनी येशू पुन्हा आला तेव्हा त्याने थोमाला रागावून हाकललं नाही, त्याचेच शब्द त्याच्यापुढे ठेवले : बोट इकडे आण, हात पुढे कर. थोमाने खरोखर बोट लावलं असं कुठेही लिहिलेलं नाही. ‘माझ्या प्रभू, माझ्या देवा’ असं तो म्हणतो, आणि योहानाच्या शुभवर्तमानात कुणा शिष्याने काढलेले हे सर्वांत मोठे उद्गार आहेत.

मत्तयाच्या शेवटच्या पानावर तर याहून धीर देणारी गोष्ट आहे. गालीलातल्या डोंगरावर अकरा जणांनी त्याला पाहून नमन केलं, ‘तरी काहींना संशय वाटला’. येशूने संशय आलेल्यांना बाजूला काढलं नाही. सर्व राष्ट्रांत जाण्याची आज्ञा त्यांनाही तीच.

माझ्या हातून फार मोठी चूक झाली आहे. हा सण माझ्यासाठी आहे का?

पेत्राची गोष्ट दोन विस्तवांमध्ये घडते. मुख्य याजकाच्या वाड्यात, थंडीच्या रात्री, कोळशांच्या विस्तवाशी शेकत असताना त्याने तीनदा सांगितलं की मी त्या माणसाला ओळखत नाही. पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या समुद्राकाठी, रात्रभर जाळं टाकून काही न मिळाल्यावर पहाटे तो किनाऱ्याला येतो, तर तिथे पुन्हा कोळशांचा विस्तव, त्यावर मासळी, आणि भाकर. कोळशांच्या विस्तवासाठी योहानाने वापरलेला ग्रीक शब्द नव्या करारात फक्त या दोनच जागी आला आहे. तोच वास पेत्राच्या नाकात गेला असेल. येशू झाल्या प्रकाराचा एका शब्दाने उल्लेख करत नाही. आधी म्हणतो, या, न्याहारी करा. मग तीनदा विचारतो, तू माझ्यावर प्रीती करतोस का? तीन नकारांना तीन होकार. आणि प्रत्येक होकारामागून काम सोपवतो : माझी मेंढरं पाळ.

पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत ईस्टरच्या पहाटे प्राचीन धर्मगुरू योहान क्रिसोस्तोम यांच्या नावाने चालत आलेलं एक प्रवचन दरवर्षी वाचतात. ज्यांनी उपवास पाळला त्यांना आणि ज्यांनी नाही पाळला त्यांनाही, पहिल्या तासाला आलेल्यांना आणि अकराव्या तासाला पोचलेल्यांनाही त्यात पंगतीत बोलावलेलं आहे.

घरात नुकताच मृत्यू झाला आहे. आनंदाची गीतं गाववत नाहीत. काय करावं?

नका गाऊ. मंडळी तुमच्या वतीने गाईल.

आई गेली त्या वर्षी मी ईस्टरच्या उपासनेत मागच्या बाकावर बसलो होतो. हालेलूया ओठांवर येत नव्हतं. घरी तिच्या उशाशी तिचा चष्मा होता, काड्या मिटून ठेवलेला, तिने स्वतः शेवटचा काढून ठेवला होता तसा. कितीतरी दिवस आम्ही कुणी तो हलवला नाही. त्या सकाळी योहानातला उतारा वाचला जात होता आणि ‘रुमाल, निराळा, एकीकडे’ हे शब्द आले. शेकडो वेळा ऐकलेले. तेव्हा प्रथमच वाटलं, ज्याने हे लिहिलं त्याने मेलेल्या माणसाच्या वस्तूंकडे आमच्यासारखंच रोखून पाहिलं आहे. दुःख त्याने गेलं नाही. पण मी जिथे उभा होतो तिथे आधीही कुणीतरी उभं होतं आणि तिथेच त्याला काहीतरी दिसलं, एवढं कळलं.

लाजराच्या कबरेपाशी स्वतः येशू रडला होता, आणि थोड्याच वेळात तो त्याला उठवणार होता. पुनरुत्थानावर विश्वास आहे म्हणून रडायचं नाही, असा नियम त्याने पाळला नाही. तुम्हीही पाळू नका.

शनिवारी काय होतं?

कबर बंद, शिष्य दारं लावून बसलेले, शब्बाथाची शांतता. पुष्कळ मंडळ्यांत त्या दिवशी वेदी उघडी, सजावटीविना असते. विश्वासांगीकारात म्हटलं आहे की तो अधोलोकात उतरला. मेलेल्यांच्या जागीही तो गेला, म्हणजे देव पोचला नाही अशी जागाच उरली नाही. इस्तंबूलच्या एकेकाळच्या खोरा चर्चमध्ये (आता ती मशीद आहे) चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचं एक भित्तिचित्र आहे. त्यात अधोलोकाची दारं मोडून ख्रिस्ताच्या पायांखाली पडली आहेत आणि तो एका हाताने आदामाला, दुसऱ्याने हव्वेला कबरेतून ओढून काढतो आहे. त्याने त्यांचं मनगट धरलं आहे. हातात हात घेतला असता तर पकडायला त्यांचाही जोर लागला असता. मेलेल्यांकडे जोर कुठला?

रात्रीच्या उपासनेत मेणबत्त्या का लावतात?

शनिवारी रात्र पडल्यावर चर्चबाहेर नवा अग्नी पेटवतात आणि त्यावरून ईस्टरची मोठी मेणबत्ती लावतात. तिच्यावर क्रूस, अल्फा आणि ओमेगा ही ग्रीक वर्णमालेतली पहिली आणि शेवटची अक्षरं, आणि चालू वर्षाचे आकडे कोरलेले असतात. आत मिट्ट काळोख. ती एकच ज्योत आत येते, ‘ख्रिस्ताचा प्रकाश’ असं तीनदा गायलं जातं, आणि शेजारच्याच्या वातीवरून आपली वात लावत लावत उजेड मागच्या रांगेपर्यंत पोचतो. मग उत्पत्ती आणि निर्गमातले उतारे, आणि नव्या लोकांचा बाप्तिस्मा. बाप्तिस्मा त्याच रात्री, कारण पाण्यात उतरणं म्हणजे त्याच्याबरोबर पुरलं जाणं आणि वर येणं म्हणजे त्याच्याबरोबर उठणं. सगळ्या मंडळ्या ही रात्र पाळत नाहीत. कित्येकांची उपासना पहाटे, उजाडताना असते.

ईस्टरची तारीख दरवर्षी का बदलते?

येशूचं मरण यहूद्यांच्या वल्हांडण सणाशी जोडलेलं आहे आणि तो सण चंद्रावर चालतो. इ. स. ३२५ मध्ये निकेया इथे भरलेल्या परिषदेने सर्व मंडळ्यांनी ईस्टर एकाच रविवारी पाळावा असं ठरवलं. रूढ झालेला नियम असा : २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार. पौर्णिमा आकाशातली नव्हे, चर्चच्या कोष्टकातली धरतात. त्यामुळे तारीख २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान पडते. १५८२ पासून पश्चिमेने हळूहळू ग्रेगरीचं कॅलेंडर घेतलं, पूर्वेकडच्या बहुतेक ऑर्थोडॉक्स मंडळ्या ईस्टरसाठी जुनंच वापरतात. २०२५ मध्ये दोन्ही ईस्टर २० एप्रिलला एकत्र आले, २०२६ साठी ५ आणि १२ एप्रिल या तारखा आहेत. सगळ्यांचा एकच दिवस असावा ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

‘ईस्टर’ हा शब्द कुठून आला? आणि अंडी?

आठव्या शतकातल्या बीड या इंग्रज मठवासीयाने हे नाव एओस्त्रे नावाच्या देवीच्या महिन्यावरून आल्याचं लिहिलं. तिचा दुसरा जुना उल्लेख मिळत नाही. पण हा प्रश्न इंग्रजी आणि जर्मन भाषेपुरता. ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, स्पॅनिश, रशियन या भाषांत सणाचं नाव ‘पास्खा’वरून, म्हणजे वल्हांडणाच्या हिब्रू ‘पेसाख’वरून आलं आहे. उपवासकाळात अंडी वर्ज्य असत, सणाला ती पुन्हा ताटात येत. बंद कवचातून बाहेर येणाऱ्या जिवाचा अर्थ त्यांना जोडला गेला. ससा फार नंतरचा, त्याचा विश्वासाशी संबंध नाही.

ईस्टर एकाच दिवसाचा सण आहे का?

पन्नास दिवसांचा आहे, पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्याच्या सणापर्यंत. चाळिसाव्या दिवशी स्वर्गारोहण. आपण चाळीस दिवस उपवास नेटाने पाळतो आणि पन्नास दिवसांचा आनंद सोमवारी सकाळीच गुंडाळतो, याचं मला फार वाईट वाटतं. निकेयाच्या त्याच परिषदेने या पन्नास दिवसांत आणि दर रविवारी प्रार्थना गुडघे न टेकता उभं राहून करावी असा नियम केला होता, कारण उभं राहणं ही उठलेल्यांची खूण. रविवारी उपासना का, याचंही उत्तर हेच. पहिले विश्वासी यहूदी होते, शब्बाथ त्यांच्या रक्तात होता, तरी ते आठवड्याच्या पहिल्या दिवशी जमू लागले. रशियन भाषेत तर रविवारला ‘पुनरुत्थान’ हाच शब्द आहे.

सुरुवात कुठून करावी, काय वाचावं?

मार्काचा सोळावा अध्याय आठव्या वचनापर्यंत वाचा आणि तिथेच थांबून एक दिवस जाऊ द्या. मग योहानाचे शेवटचे दोन अध्याय एका बैठकीत. लूकाच्या चोविसाव्या अध्यायातली अम्माऊसची वाट दोघांनी मिळून, मोठ्याने वाचली तर जास्त भिडते, कारण ती दोघांच्या बोलण्याचीच गोष्ट आहे. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय लांब आणि अवघड आहे. तो शेवटी घ्या, आणि थोडा थोडा.